डाव्या कोपऱ्यावरचं कँटीन

मी आयुष्यात दोन कँटीन चालवली. पहिल्यात लोक जेवायचे. दुसऱ्यात कुणी एक घास खाल्ला नाही, आणि गर्दी मात्र दुसऱ्यातच जास्त होती.

संपादकांनी सांगितलं होतं, चाकणला कंपनीच्या गेटवर तीस वर्षं चहा-नाष्टा विकलात, त्यावर लिहा. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. अंधारात उठायचं, पोहे भिजवायचे, भोंगा झाला की हात चालवायचे. एकच दिवस होता, तो मी तीस वर्षं केला. मग कंपनीने आत ठेकेदाराचं कँटीन काढलं आणि माझा कोपरा पार्किंगला पाहिजे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी स्टोव्ह आणि पातेली टेम्पोत टाकून भोसरीला घरी आले. भांडले नाही. लोकांना वाटलं, मावशी शहाणी आहे. शहाणी कसली, त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही एवढंच. पहिलं कँटीन इथे संपलं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, लिहायला वेळ लागतो, तो वेळ मी दुसऱ्या कँटीनवर घालवणार आहे.

ते कँटीन कॉम्प्युटरवर होतं.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दीड महिना पलंगावर बसवलं. मी पलंगावरून सगळ्या सोसायटीला शिस्त लावू लागले. कुणी जिन्यात गाडी धुतली, कुणी कचरा कुठे टाकला, सगळं खिडकीतून ओरडून सांगायची. आठ दिवसांत सेक्रेटरी घरी आले. त्यांना चहा देऊन वाटेला लावल्यावर माझी नात सायली म्हणाली, "आज्जी, तुला ओरडायला एक अख्खं शहर देते, पण या लोकांना सोड." सायली चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. शिफ्ट करते आणि उरलेल्या वेळात हा खेळ खेळते. तिने जुना लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला, कानाला माइकवाला हेडफोन लावला आणि मला भोंगानगरात सोडलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गावच्या जत्रेत सोंगं निघतात. रावणाचं सोंग घेतलेला माणूस तेवढा वेळ रावणच असतो. त्याला मधेच कुणी म्हणत नाही, की बबन, तुझी म्हैस सुटली. भोंगानगर तसंच. कॉम्प्युटरच्या आत रस्ते, दुकानं, दवाखाना, पोलीस चौकी असं शहर आहे. आपण आपल्या घरी बसून त्यात एक माणूस चालवायचा आणि त्याच्या तोंडून बोलायचं. कुणी पोलीस होतो, कुणी चोर, कुणी डॉक्टर. शंभर-दीडशे माणसं, बहुतेक आपल्याच पट्ट्यातली, पिंपरी, दिघी, तळवडे, चाकणची. नियम एकच मोठा: सोंग सोडायचं नाही. शहरात उभं राहून आपल्या खऱ्या घरादाराचं बोललं, दुसऱ्याचं खरं नाव काढलं, की शहराबाहेर.

मला माणूस निवडायचा होता. बायकांमध्ये सगळ्या उपाशी दिसणाऱ्या पोरी, अंगावर कपडे बेताचे. माझ्या वयाची एकही नाही. ॲप्रन बांधलेला, पोट सुटलेला, टकलू आणि झुपकेदार मिशांचा एक बाप्या तेवढा कामाचा वाटला. तोच घेतला. त्यामुळे भोंगानगरात माझ्या तोंडावर मिशा होत्या आणि आवाज माझा होता. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी सगळे 'मिशीवाली मावशी' म्हणू लागले आणि तिसऱ्या दिवशी कुणाला त्यात काही वावगं वाटेना.

आता धंद्याचं. भोंगानगरात कुणीही अर्ज करून दुकान काढू शकतो. मोठ्या चौकाच्या डाव्या कोपऱ्यावर एक जागा रिकामी होती, ती मला मिळाली. आजूबाजूला गाड्यांचे शोरूम, सोन्याचं दुकान, कपड्यांचं दुकान. उद्घाटनाला फटाके, गाणी. चौथ्या दिवशी मालक एकटा काउंटरला टेकून उभा. का, तर गिऱ्हाईक येतं, बटण दाबतं, वस्तू मिळते, जातं. अर्ध्या मिनिटाचं काम. तिथे दुसऱ्यांदा कोण कशाला येईल?

कँटीनमध्येही बटण होतं. दाबलं की दोन सेकंदांत थाळी. सायलीने मोठ्या कौतुकाने दाखवलं. मी म्हटलं, हे बटण मोडलेलं आहे असं समज. मला गेटवर एक गोष्ट कळली होती. माणूस चहाला येतो, पण थांबतो तो रांगेमुळे. रांगेत उभं राहिलं की बोलावं लागतं. सुपरवायझरची निंदा रांगेत होते, लग्नं रांगेत जमतात. म्हणून मी भोंगानगरातलं सगळ्यात हळू कँटीन काढलं. आधी टोकन घ्यायचं, मग बसायचं, मग मी विचारणार काय झालं आज, मग पोळी लाटणार. घाई असलेल्याला मी सांगायची, शेजारच्या शोरूममध्ये जा, तिथे लवकर मिळतं.

आणि भजी. भज्यांचा नियम मी पाटीवर लिहायला लावला: भजी एकट्याला मिळणार नाहीत, एक प्लेट दोघांत, आणि दोघं एकमेकांच्या ओळखीचे नसावेत. गेटवर माझ्याकडे दोनच बाकडी होती, त्यामुळे प्रेस शॉपवाला पेंट शॉपवाल्याशेजारीच बसायचा, दुसरी जागाच नव्हती. इथे जागा भरपूर होती म्हणून नियम करावा लागला. पहिल्याच आठवड्यात एक चोर आणि एक नवा हवालदार एका प्लेटसाठी शेजारी बसले. हवालदार त्यालाच शोधत होता, चेहरा ओळखत नव्हता. अर्धा तास दोघं चोर कसे माजलेत यावर बोलत होते. भिंतीला लागून वीस माणसं श्वास धरून ऐकत उभी. भजी कुणाच्या पोटात गेली नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बारा जोड्या हजर.

दुसरं, मी सामान बटणावर मागवत नव्हते. कांदे आणायला एक टेम्पोवाला लावला, दुधाला एक पोरगी, भांडी दुरुस्त करायला गॅरेजवाला. दुकान एकट्याचं असलं की कंटाळा आला त्या दिवशी बंद पडतं. पाचजण त्यावर असले की ते पाचजण आपल्याला बंद करू देत नाहीत.

त्या टेम्पोवाल्याने माझं डोकं फिरवलं होतं. त्याचं नाव मिलिंद, देहूरोडचा. खेळातही त्याने स्वतःचं खरं नावच ठेवलं होतं. रोज माझे कांदे घेऊन यायचा आणि रोज माझ्या भिंतीवर टेम्पो घालायचा. चौकातून डावीकडे वळायचं तर हा सरळ आत. खेळातली भिंतसुद्धा पडते आणि बांधायला वेळ लागतो. महिनाभर मी त्याला शिव्या घातल्या. दारू पिऊन चालवतोस का, कुणी लायसन दिलं, तुझ्यापेक्षा माझी म्हैस बरी वळायची. गिऱ्हाइकं हसायची, म्हणून मी आणखी चेव चढून बोलायची.

एके दिवशी भरल्या कँटीनमध्ये तो म्हणाला, "मावशी, डाव्या हाताची दोन बोटं न्हाईत माझी. कंपनीत प्रेस मशीनमध्ये गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. डावीकडं वळायचं बटण त्याच बोटानं दाबायचं असतं. मधलं बोट आणीपर्यंत तुमची भिंत येते."

सोंग सुटलं होतं. कुणी तक्रार केली असती तर तो शहराबाहेर गेला असता. मी गेटवर असताना अशा हातांत रोज चहाचा ग्लास दिला होता. धरायला जड जाऊ नये म्हणून ग्लास अर्धाच भरायची, पण कुणाला विचारलं नव्हतं की कुठे गेलं बोट, कधी गेलं. आणि इथे मी त्याच्यावरच महिनाभर लोकांना हसवलं होतं. वाईट वाटलं. पण वाईट वाटून त्याची नोकरी वाचणार नव्हती.

मी गॅरेजवाल्याला हाक मारली. "अरे, ह्याच्या टेम्पोचं स्टेअरिंग डावीकडं अडकतंय. सांगतोय ना तो. बघ जरा."

गॅरेजवाला हुशार. लगेच टेम्पोखाली घुसला आणि म्हणाला, "व्हय मावशी, पार्टच मिळत नाय ह्याचा. हे असंच चालवावं लागंल."

तेव्हापासून गावात ठरून गेलं, की मिलिंदच्या टेम्पोचं डावं स्टेअरिंग अडकतं. भिंत बांधायला मी एक गवंडी कायमचा ठेवला. लोक टेम्पोच्या वेळेला मुद्दाम यायचे, आज भिंत वाचते का बघायला. पैज लागायची. माझ्या धंद्यातलं ते सगळ्यात टिकाऊ आकर्षण होतं आणि ते मी काढलेलंच नव्हतं.

आमची गर्दी असायची अकरा ते दोन. मी सकाळी स्वयंपाक आटपून बसायची आणि दोनला उठायची. त्या वेळेला येणारे कोण, तर सेकंड शिफ्टला निघण्याआधी तासभर बसणारे, नाइट करून झोप झालेले, सुट्टीवर असलेले, आणि घरोघरच्या बायका. आठवड्याला शिफ्ट बदलते, त्यामुळे दर सोमवारी चेहरेही बदलायचे. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी माझं शटर बंद. त्या वेळी मला माझ्या घरची भाकरी असते.

बायकांमध्ये एक इन्स्पेक्टर दुर्गा होती. उंच, काळा चष्मा, हातात दांडकं. बोलणं लातूरकडचं. तिच्या चौकशीला अट्टल चोर घाबरायचे, कारण ती मारत नसे, आईबापांबद्दल विचारायची. एकदा ती कुणाचा तरी जबाब घेत असताना तिच्या बाजूने कुकरची शिट्टी झाली. ती शांतपणे म्हणाली, "भोंगा झाला वाटतं," आणि जबाब पुढे चालू केला.

एका दुपारी पावसामुळे कँटीनमध्ये आम्ही दोघीच होतो. तिचा फोन वाजला आणि तिने तो स्पीकरवर घेतला, हात पिठाचे असावेत. पलीकडून आवाज आला, "आई, माझ्या टेबलावर चार्जर राहिलाय का बघ गं."

तो आवाज भोंगानगरात सगळ्यांना माहीत होता. हे शहर ज्याने वसवलं तो ओंकार. तळवड्याला आयटी पार्कात नोकरी करतो आणि संध्याकाळी शहर चालवतो. कुणाला जागा द्यायची, कुणाला काढायचं, सगळं त्याच्या हातात. आम्ही त्याला मेयर म्हणायचो. आणि मेयरची आई, तो ऑफिसला गेला की त्याच्या जुन्या लॅपटॉपवर बसून त्याच्याच शहरात चोर पकडत होती. तिचा अर्ज त्यानेच पास केला होता. त्याला पत्ता नव्हता.

तिने फोन ठेवला. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही काही ऐकलं का?"

"कँटीनमधी लई आवाज असतो, साहेब," मी म्हटलं. "मला काय ऐकू येत न्हाई."

कँटीनमध्ये तेव्हा माशीसुद्धा नव्हती.

त्यानंतर महिन्याभरात ओंकारने मला निरोप धाडला, संध्याकाळी सात वाजता कँटीनवर भेटा. मी गुडघ्याखाली उशी घेऊन बसले. तो आला, सोबत एक नवा माणूस, पांढरा सूट, गळ्यात साखळी. सगळे त्याला शेठ म्हणत. हिंजवडीचा होता. त्याला चौकात क्लब काढायचा होता आणि जागा माझी पाहिजे होती.

ओंकार तसा पोरगा नम्र. म्हणाला, "मावशी, राग मानू नका. मी रोज सात ते नऊ फेरी मारतो. कितीतरी दिवस झाले, तुमचं शटर बंद. चालत नसलेली जागा परत घ्यायची असा नियम आहे."

"दुपारी ये."

"दुपारी मी ऑफिसात असतो."

"मग तुझं ऑफिस हलव."

शेठ हसला. ओंकार हसला नाही. तो म्हणाला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपन्या पूजा करून लवकर सुटतात, त्या संध्याकाळी शेठच्या क्लबचं उद्घाटन ठेवलंय, रेस आहे, गोळीबाराचा मोठा खेळ आहे, तेव्हा मी जागा नावावर करीन. तुम्हाला गावाबाहेर धरणाजवळ चांगली जागा देतो.

धरणाजवळ कोण येणार माझं? मासे?

मी लॅपटॉप बंद केला. सायली घरीच होती, तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "आज्जी, जाऊ दे, गेम आहे." मला तिचा राग आला नाही. पहिला कोपरा सोडला तेव्हा तिचे वडीलही असंच म्हणाले होते, आई, जाऊ दे, गाडाच आहे. एक कोपरा मी तोंड न उघडता दिला होता. दुसराही तसाच द्यायचा, तर मला तोंड कशाला दिलंय?

खरं म्हणजे माझ्याकडे सोपा उपाय होता. ओंकारला एवढंच सांगायचं होतं, की बाबा, दुपारी माझ्याकडे कोण येतं ते तुझ्या आईला विचार. काम तिथेच झालं असतं. पण मग ती बाई उघडी पडली असती. दिवसभरात तीन तास ती कुणाची आई नसते. ते तीन तास मी माझ्या कोपऱ्यासाठी विकायचे?

आधी मी सरळ मार्ग धरून बघितला. तीन दिवस संध्याकाळी कँटीन उघडलं. संध्याकाळचं गिऱ्हाईक वेगळंच. जनरल शिफ्टवाले, दिवसभर साहेबाचं ऐकून आलेले, त्यांना फक्त बंदुका चालवायच्या. पहिल्या दिवशी दोन टोळ्यांनी माझ्या कँटीनमध्ये एकमेकांना गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी मलाच घातल्या. तिसऱ्या दिवशी एकाला टोकन घे म्हटलं तर त्याने टोकनचा डबा पळवला. मी शटर ओढलं.

दुपारच्या मंडळींना मी सगळं सांगितलं. आपलं कँटीन खंडेनवमीच्या संध्याकाळी जाणार. मिलिंद म्हणाला, "असं कसं, मावशी? भिंत कुठं पाडू मी?" गवंडी म्हणाला, "आणि मी काय बांधू?" इन्स्पेक्टर दुर्गा कोपऱ्यात उभी होती. तिने विचारलं, "इथं कुणी येत नाही असं कोण म्हणतं?"

"मेयर म्हणतात, साहेब."

ती दांडकं तळहातावर आपटत राहिली.

खंडेनवमी हा शब्द माझ्याच तोंडून निघाला होता आणि त्यावरच माझं डोकं चालू झालं. बाहेरच्यांना सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्या पट्ट्यात मशीनची पूजा असते. मशीन पुसूनपासून लख्ख करतात, झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. कंपनी लहान असेल तर बायकापोरांना आत सोडतात, हे बघ बाबांचं मशीन. आणि एकदा पूजा झाली की बटण बंद. दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्या मशीनला, त्या हत्याराला कुणी हात लावत नाही. अर्जंट ऑर्डर असो, मालक स्वतः येवो. मी तीस वर्षांत एकही फोरमन बघितला नाही, ज्याने पूजा केलेलं मशीन चालू करायची हिंमत केली.

मी पाटी लावली: यंदा भोंगानगरात खंडेनवमी. दुपारी दोन वाजता कँटीनसमोर. ज्याने त्याने आपलं हत्यार आणावं. पुढचं मी पाटीवर लिहिलं नाही.

त्या दिवशी खऱ्या कंपन्यांतली पूजा आटपून लोक घरी आले होते, हातात वेळ होता. दोन वाजता चौकात उभं राहायला जागा नव्हती. दुपारचे आले, आणि संध्याकाळचेही आले. आयटीवाला ओंकार तेवढा ऑफिसात होता. टेम्पो, ट्रक, ॲम्ब्युलन्स, पोलिसांच्या गाड्या सगळ्या रांगेने. गॅरेजवाल्याने पाने मांडले. डॉक्टरने स्टेथोस्कोप. दोन्ही टोळ्यांची पोरं बंदुका घेऊन आली आणि पुढे कुणाची मांडायची यावर भांडली. खेळात हळदकुंकू नाही. गॅरेजमधला पिवळा रंग घेतला आणि माझ्या कँटीनमधली टोमॅटो सॉसची बाटली. मिशा असलेल्या माझ्या बाप्याने प्रत्येक बंदुकीला सॉसचं बोट लावलं. कुणी हसलं नाही. एका टोळीवाल्याने तर सांगितलं, "मावशी, नळीला पण लावा."

मिलिंद टेम्पो घेऊन आला, भिंत पाडून आला. मी त्याला हळूच विचारलं, तुला चालेल ना रे हे. तो म्हणाला, "हळदकुंकवाचं तुमचं तुम्ही बघा, मावशी. आमचा उद्याचा दिवस वेगळा, धम्मचक्राचा. पण मशीन बंद ठेवायचं म्हणत असाल, तर मी पहिला."

इन्स्पेक्टर दुर्गाने दांडकं मांडलं. मी म्हटलं, "साहेब, एवढंच हत्यार?"

"खरं हत्यार घरी आहे," ती म्हणाली. "दोन आहेत. एक माझं, एक पोराचं."

"मग त्यांची बी करा की पूजा."

"आता तुम्ही म्हणलालाव तर करते."

एवढंच आमचं बोलणं. कट वगैरे म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं.

पूजा झाल्यावर मी माइक तोंडाजवळ ओढला आणि जे पाटीवर लिहिलं नव्हतं ते सांगितलं. "पूजा झाली. आता उद्या सकाळी अकरापर्यंत कुणी आपलं हत्यार उचलायचं न्हाई. गाडी न्हाई, बंदूक न्हाई. कंपनीत पाळता तसं इथं पाळायचं."

मग एकेकाच्या लक्षात येऊ लागलं, की संध्याकाळी रेस आहे आणि गोळीबार आहे. मागे कुणीतरी हसायला लागलं. "मावशी, तुमी लई डांबिस हाय," टोळीवाल्यांचा म्होरक्या म्हणाला. पण बंदूक त्याने उचलली नाही. तो आकुर्डीत लेथवर आहे.

संध्याकाळी सात वाजता मी शटर उघडून बसले. शेठ क्लबच्या माणसांना घेऊन आला, रोषणाई, गाणं. सगळं गाव आलं, पण चालत. रेसला एक गाडी नाही. पोलीस पायी, चोर पायी. शेठ एकेकाला विचारत फिरू लागला, की बाबांनो, गाड्या कुठे आहेत. लोक चौकातल्या रांगेकडे बोट दाखवत. त्याने एका टोळीवाल्याला स्वतःची बंदूक देऊ केली. तो दोन पावलं मागे सरला.

"भावा, ही गेम आहे," शेठ म्हणाला.

"गेम हाय म्हणून काय झालं," तो म्हणाला. "पूजा झालीय."

मला मजा वाटत होती, पण एवढ्याने भागणार नव्हतं. रेस होवो न होवो, जागा जाणार ती ओंकारच्या एका बटणाने. त्याला ना गाडी लागत होती ना बंदूक. साडेसात झाले. ओंकार नाही. आठ वाजले. शेठ घड्याळ बघू लागला. सायली माझ्या शेजारी येऊन बसली होती, तिचा फोन वाजला. गावाच्या ग्रुपवर ओंकारचा मेसेज आला होता, फोनवरून केलेला. तिने मोठ्याने वाचला. "सॉरी मंडळी. आईने माझे लॅपटॉप पूजेत मांडलेत. सकाळपर्यंत हात लावू देत नाही. खूप समजावलं. उद्घाटन पुढे."

शेठ सोडून सगळ्या गावाला ते पटलं.

दसऱ्याच्या सकाळी अकरा वाजता मी कँटीन उघडलं. हत्यारं उचलायला सगळं गाव हजर. टोकनची रांग चौकापर्यंत. कालची पायपीट कुणाची कशी झाली हे सगळ्यांना सगळ्यांना सांगायचं होतं. त्या रांगेच्या शेवटी ओंकार येऊन उभा राहिला. त्याला सुट्टी होती. आपल्याच शहरातली कँटीनची दुपार तो पहिल्यांदा बघत होता. नियमाप्रमाणे त्याने टोकन घेतलं. त्याच्या पुढच्या माणसाला त्याने विचारलं, आज काही विशेष आहे का. तो म्हणाला, "न्हाई राव, रोजचंच. तुम्ही नवीन का?"

त्याचा नंबर आला. "मावशी, भजी द्या," तो म्हणाला.

"एकट्याला मिळत न्हाईत. जोडीदार आण."

सगळ्यांच्या जोड्या लागल्या होत्या. एकटी उभी होती ती इन्स्पेक्टर दुर्गा. मला वाटलं, ती आता निघून जाईल. पण ती पुढे आली, बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "बसा. उभ्यानं काय करलालाव?"

ओंकार बसला नाही. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, खेळातल्या माणसाचा चेहरा हलत नाही. पण त्याच्या माइकमधून मला दोनदा ऐकू आलं. 'काय करलालाव' एकदा कँटीनमध्ये, आणि लगेच मागोमाग, थोडं लांबून, भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातून. सोबत कढईत काहीतरी तळल्याचा आवाज. मला जे ऐकू आलं ते त्यालाही आलं असणार.

तो तसाच उभा. रांग थांबली. एक शब्द तोंडातून गेला असता, दोन अक्षरांचा, तर सोंग सुटलं असतं. नियम त्यानेच केलेला होता.

मी पाटीकडे बोट दाखवलं. भज्यांचा नियम मी मेयरसाठीही मोडत नाही. "तुमची दोघांची ओळख हाय का?" मी विचारलं.

इन्स्पेक्टर म्हणाली, "नाही."

ओंकार बाकड्यावर बसला. "नाही," तो म्हणाला.

मी प्लेट दोघांच्या मध्ये ठेवली. तो रांगेकडे बघत होता, रांग अजून वाढतच होती. "मावशी," तो म्हणाला, "शेठना पेट्रोल पंपाजवळची जागा देतो. तिथे संध्याकाळी वर्दळ असते."

"दे," मी म्हटलं.

तेवढ्यात मिलिंदचा टेम्पो माझे कांदे घेऊन भिंतीतून आत आला आणि बाकड्याच्या हातभर अलीकडे थांबला. विटा सगळीकडे. लोकांनी पैजा मिटवायला सुरुवात केली. ओंकार उठून उभा राहिला. "हे काय आहे?"

"डावं स्टेअरिंग अडकतं त्याचं," इन्स्पेक्टर म्हणाली. "रोजचंच आहे. तुम्ही खा. गार होतील."